मिटल्या पापण्यांआडही ऐकू येत असतं

"ताई, मी विदर्भातल्या एका जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागात अधिपरिचारिका आहे. अकरा वर्षं झाली. कोविडच्या दुसऱ्या लाटेत माझी झोप उडाली होती. ड्यूटीवरून आलं की बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. तेव्हा मोबाइलवर स्टोइक नावाच्या जुन्या ग्रीक-रोमन तत्त्वज्ञानाचे व्हिडिओ बघायला लागले. जे आपल्या हातात नाही त्याचा त्रास करून घ्यायचा नाही, एवढं एक वाक्य मी धरून ठेवलं. खरंच फरक पडला. रडणं थांबलं, झोप यायला लागली. सगळे म्हणायला लागले, सिस्टर किती खंबीर आहेत.

मागच्या महिन्यात एक १९ वर्षांचा मुलगा आला. मण्यार चावला होता. वाटेतच श्वास थांबलेला. चार दिवस व्हेंटिलेटरवर होता, पाचव्या पहाटे गेला. आमच्याकडे आठ बेड, रात्री आम्ही दोघीच. त्याच्या आईनं माझा हात घट्ट धरला होता, काहीतरी विचारत होती. मी हात सोडवून घेतला आणि म्हटलं, 'बाहेर थांबा, कागद करायचे आहेत.' शेजारच्या बेडचा पंप वाजत होता, मी तिकडे गेले. मला काहीच वाटलं नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी माझ्या सात वर्षांच्या मुलीला डेंग्यू झाला. मी उशाशी बसून प्लेटलेट किती, लघवी किती झाली, हे लिहीत होते. ती म्हणाली, 'आई, तू सिस्टरसारखी नको ना बोलू.' नवरा म्हणतो, तू दगड झालीस. रोज रात्री मुलीचा पापा घेताना मी मनात म्हणते, ही मर्त्य आहे. तसं म्हणावं असं त्या तत्त्वज्ञानात सांगितलंय. ताई, ते तत्त्वज्ञान चुकीचं आहे की मी? सोडून देऊ का सगळं? — एक सिस्टर"

अगं,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मी स्वतः ३१ वर्षं वॉर्डात काढली, परिसेविका म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे 'शेजारच्या बेडचा पंप वाजत होता' या वाक्यापाशी दर वेळी थांबले. ज्यांनी ही नोकरी केली नाही त्यांना ते वाक्य निर्दय वाटेल. आठ बेडांना दोघी असताना पंप वाजला की पाय आपोआप तिकडे वळतात, आणि वळायलाच हवेत. त्या पंपावर रक्तदाब धरून ठेवणारं नॉरअॅड्रिनॅलिन चालू असलं आणि ते दोन-चार मिनिटं थांबलं, तर बाहेरच्या बाकावरून आणखी एक आई उठून आत येईल. त्या पहाटे तुझ्या हातून गुन्हा घडलेला नाही. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी आपल्याकडून घोकून घेतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. तुला व्हिडिओतून मिळालं ते औषध खरंच आहे. पण किती घ्यायचं आणि कधी थांबवायचं, हे कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या लाटेत त्या एका वाक्यानं तुला तारलं, त्याबद्दल मनात किंतु ठेवू नकोस. फक्त तेव्हा सुरू केलेला डोस तू आजतागायत बंद केलेला नाहीस. दुखणं थांबवणारं औषध फार दिवस घेत राहिलं की हळूहळू स्पर्शही कळेनासा होतो, हे मी तुला वेगळं सांगायला नको.

ते वाक्य ज्याचं म्हणून फिरतं तो एपिक्टेटस. इसवी सन ५० च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिसला जन्मला. गुलाम होता, पायानं अधू होता. त्याचा मालक नीरो बादशहाच्या पदरी होता. गुलामीतून सुटल्यावर तो रोममध्ये शिकवू लागला आणि डोमिशियन बादशहानं तत्त्वज्ञांना हाकलून दिलं तेव्हा ग्रीसमधल्या निकोपोलिसला जाऊन त्यानं शाळा काढली. आपल्याला त्याचं जे बोलणं वाचायला मिळतं ते एरियन नावाच्या त्याच्या विद्यार्थ्यानं उतरवून घेतलेलं आहे. शरीर, मालमत्ता, लोकांमधली पत या गोष्टी आपल्या ताब्यात नाहीत. आपण काय मानायचं, काय इच्छायचं, काय करायचं हे आपल्या ताब्यात आहे, असं तो सांगे. ज्याचं शरीरसुद्धा कायद्यानं दुसऱ्याच्या मालकीचं होतं असा माणूस हे सांगतो, म्हणून मला त्याचं वजन वाटतं.

पण त्याच वहीत एक प्रसंग आहे. तो तुझ्यापर्यंत पोचायला हवा होता. एकदा एक सरकारी अधिकारी त्याला भेटायला आला. बायकामुलांचा विषय निघाला. अधिकारी म्हणाला, मध्यंतरी माझी लहान मुलगी फार आजारी होती, मला तिच्याजवळ बसवेना. मी घरातून निघूनच गेलो. ती बरी असल्याचा निरोप आला तेव्हा परतलो. एपिक्टेटसनं विचारलं, हे तू बरोबर केलंस असं वाटतं? तो म्हणाला, त्यात काय, बहुतेक बापांचं असंच होतं, बापाची माया असते.

मग एपिक्टेटसनं घरातलं एकेक माणूस धरलं. तिच्या आईची तिच्यावर माया नाही का? आहे. मग तिनंही निघून जायला हवं होतं? नाही. तिला सांभाळणाऱ्या दाईची माया नाही? आहे. मग तिनंही जायचं? म्हणजे ज्यांचा ज्यांचा तिच्यावर जीव आहे ती सगळी मायेपोटी उठून गेली असती, आणि ते लेकरू परक्यांच्या हातात मेलं असतं. तू आजारी पडलास तर तुझ्या माणसांनी तुझ्यावर अशी माया केलेली तुला चालेल का?

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिले होते. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्यासमोर तो साक्षीला कुणाला बोलावतो, तर आजारी पोरीच्या उशाशी बसून राहिलेल्या दाईला. तुझ्या-माझ्या कामाला.

तो बाप पायांनी पळाला. तू जागेवर होतीस, लघवी मोजत होतीस, औषध वेळेवर देत होतीस, आणि तरी तुझ्या लेकीला कळलं की आई इथे नाही. दोघांनाही जे सहन होत नव्हतं ते एकच होतं. तुझी लेक फार शहाणी आहे. तिनं नेमकं निदान केलं.

आणखी एके ठिकाणी तर एपिक्टेटस अगदी स्पष्ट सांगतो की मी पुतळ्यासारखा भावनाशून्य असता कामा नये. मुलगा, भाऊ, बाप, नागरिक म्हणून माझी जी नाती आहेत ती मी राखली पाहिजेत. ही ओळ तुझ्या व्हिडिओंमध्ये आली असती तर आज तुला हे पत्र लिहावं लागलं नसतं. मार्कस ऑरेलियस हा त्याच परंपरेतला पुढचा माणूस, १६१ ते १८० अशी एकोणीस वर्षं रोमचा बादशहा. तरुणपणी त्याचे एक गुरू वारले तेव्हा तो रडत होता आणि राजवाड्यातली माणसं त्याला आवरायला लागली. त्याचा दत्तक बाप, तेव्हाचा बादशहा, त्यांना म्हणाला: त्याला माणूस राहू द्या, तत्त्वज्ञान असो की राज्य, त्यानं माया नाहीशी होत नाही. जुन्या रोमन चरित्रात हे नोंदलेलं आहे. आपल्याकडेही मेणाहून मऊ आणि वज्राहून कठीण हे एकाच दमात, एकाच माणसाबद्दल म्हटलेलं आहे. तू त्यातलं एकच घेतलंस.

आता ते पाप्याचं. मुलाचा पापा घेताना, आपण एका मर्त्य माणसाचा पापा घेतोय हे मनात असू दे, असं एपिक्टेटसनं म्हटलंय हे खरं. पण ते कुठल्या काळात म्हटलंय बघ. खुद्द मार्कसला तेरा-चौदा मुलं झाली, त्यातली निम्म्याहून जास्त लहानपणीच गेली. आणि ज्यांना मरण दुसऱ्याच्या घरी असतं असं वाटत होतं, अशा खात्यापित्या घरच्या तरुणांना एपिक्टेटस हे शिकवत होता. तुझ्यासारखीला नाही. रात्रभर मॉनिटरची रेघ बघून घरी येणाऱ्या बाईला मरणाची आठवण कशाला करून द्यायची? औषध बरोबर, रुग्ण चुकीचा. ते वाक्य तू आज रात्रीपासून बंद कर, माझ्या जबाबदारीवर. नुसता पापा घे. तिच्या केसांना तेलाचा वास येतो का, अंग अजून कोमट लागतं का, एवढंच बघ. आणि दिवसातला एक अर्धा तास असा ठेव की तिच्याजवळ बसताना थर्मामीटर दुसऱ्या खोलीत असेल.

पण तुझ्या पत्रातल्या सगळ्यात मोठ्या गोष्टीकडे मी आत्ता येतेय. 'हातात नाही' या खात्यात तू काय काय टाकलंस याची मी यादी केली. तो मुलगा वाचणं हातात नव्हतं, बरोबर. पण त्याच खात्यात त्याच्याशी बोलणंही गेलं. त्याच्या आईचा हात गेला. रात्री आठ बेडांना दोघी असणं गेलं. यातल्या कितीतरी गोष्टी हातात होत्या.

स्टोइकांचा धनुर्धाऱ्याचा एक दाखला सिसेरो या रोमन लेखकानं लिहून ठेवलाय. नीट नेम धरणं, हात स्थिर ठेवणं, जे जमेल ते सगळं करणं, हे धनुर्धाऱ्याचं काम. सुटलेला बाण लागेलच हे त्याच्या ताब्यात नाही. तू या दाखल्यातला शेवटचा भाग धरलास. आधीचा भाग किती मोठा आहे बघ. आपल्या कामात तर तो भाग रात्रीच्या बारा तासांएवढा मोठा आहे.

मण्यारचं विष तुला माहीतच आहे. नसांकडून स्नायूंकडे जाणारा हुकूमच तुटतो. पापणी उचलत नाही, बोट हलत नाही, कधी बाहुल्यासुद्धा उजेडाला दाद देत नाहीत, आणि बघणाऱ्याला वाटतं संपलं. आत माणूस जागा असू शकतो. माझ्या नोकरीत अशी एक बाई वाचली. शेतातल्या खोपटात जमिनीवर झोपलेली, पहाटे पोट दुखतंय म्हणून उठली आणि दुपारी आमच्याकडे आली तेव्हा मान धरत नव्हती. अकरा दिवस व्हेंटिलेटर. माझी सवय अशी की सक्शनच्या, म्हणजे नळीनं कफ ओढून काढायच्या आधी सांगायचं, "बाई, आता नळी घालते, खोकला येईल, घाबरू नका," आणि कूस बदलताना जे सुचेल ते बोलायचं. नळी काढल्यावर तिसऱ्या दिवशी, घोगऱ्या आवाजात, ती मला म्हणाली, "तुम्हीच ना त्या, पाऊस थांबला म्हणून सांगणाऱ्या? मला तिफन कुठं ठेवली त्याची काळजी लागली होती." बाहेर पाऊस थांबलाय हे मी कधी बोलले ते मला आठवतही नव्हतं. तिला अकरा दिवसांतलं तेवढं एक वाक्य पक्कं लक्षात होतं.

तू पत्रात लिहिलं नाहीस, पण मला वाटतं पूर्वी तूही बोलायचीस. बोलणं तू बंद केलंस, कारण ज्याच्याशी बोललो तो गेला की जास्त लागतं. लागू दे. त्या लागण्यानं तुझं काम बिघडत नाही. बोलायला वेगळा वेळ लागत नाही, आठ बेड असले तरी. नळी घालताना तोंड मोकळंच असतं. येत्या नाइटला एका बेडपासून सुरू कर.

आणि आठ बेडांना दोघी. अतिदक्षता विभागात किती परिचारिका हव्यात याचा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे, आणि आठ बेडांना दोघी त्यात बसत नाहीत. तुझ्या विभागात तो पाळला जात नाही आणि तू ते 'हातात नाही' म्हणून गिळतेस. पदं भरणं तुझ्या हातात नाही, मान्य. पण लिहिणं? प्रत्येक नाइटला तारीख, वेळ, व्हेंटिलेटरवर किती, ड्यूटीवर किती जणी, कुठला डोस किती उशिरा गेला, हे रजिस्टरला लिहून खाली सही करणं पूर्णपणे तुझ्या हातात आहे. महिन्याच्या शेवटी त्याची प्रत अधिसेविकांमार्फत जिल्हा शल्यचिकित्सकांकडे पाठवणंही. एकटीनं पाठवू नकोस, चौघींनी सही करा. पोच घ्या.

यावर कुणी तुला म्हणेल की तुझं तत्त्वज्ञान तर सोसायला सांगतं. त्याला हेल्विडियस प्रिस्कसची गोष्ट सांग. एपिक्टेटसच सांगायचा ती. हा रोमच्या सिनेटचा सभासद, स्टोइक. व्हेस्पेशियन बादशहानं त्याला निरोप पाठवला, उद्या सभेला येऊ नकोस. तो म्हणाला, मला सभासद न ठेवणं तुमच्या हातात आहे, पण आहे तोवर मला यावं लागेल. बादशहा म्हणाला, बरं ये, पण बोलू नकोस. मला विचारू नका, मी बोलणार नाही. पण मला विचारावं लागतं. मग मला जे योग्य वाटतं ते सांगावं लागेल. बोललास तर जीव घेईन. मी अमर आहे असं कधी म्हटलं होतं? तुमचं काम तुम्ही करा, माझं मी करतो. पुढे खरोखरच त्याचा जीव घेतला गेला. तुला इथे फार तर बदलीची धमकी मिळेल. ती झळ सोसणारी आहे, मला कल्पना आहे, लेकीची शाळा आहे, घराचा हप्ता असेल. म्हणून चौघींची सही म्हणते.

आणखी एक सवय लावून घे. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात जोनाथन बार्टेल्स नावाच्या परिचारकानं ती सुरू केली. रुग्ण गेला की त्याला वाचवायला धडपडलेले सगळे जण त्याच्याभोवती मिनिटभर गप्प उभे राहतात. हा माणूस कुणाचा तरी होता आणि आपण आपल्याकडून प्रयत्न केला, एवढंच मनाशी आणायचं, मग हातमोजे काढायचे. आपल्याकडे वॉर्डातल्या मावशी गेलेल्या माणसाचे डोळे मिटताना ओठ हलवून काहीतरी पुटपुटतात ना, तेच हे. तुमच्या दोघींना पंप आहेत, फोन आहेत, मिनिट मिळालं नाही तर अर्धं. पण पांढरी चादर ओढायच्या आधी.

सेनेका हा आणखी एक रोमन स्टोइक. तो रोज रात्री दिवा मालवल्यावर, बायको गप्प झाली की, आपला दिवस उलगडून बघायचा. कुठे चुकलं ते स्वतःपासून लपवायचा नाही. आणि चूक सापडली की स्वतःला सांगायचा, पुन्हा असं करू नकोस, आत्ता तुला माफ केलं. त्या आईच्या हाताबद्दल तू यातला पहिला भाग महिनाभर करते आहेस. दुसऱ्या भागापर्यंत ये.

एक गोष्ट मात्र तत्त्वज्ञानावर सोडू नकोस. 'काहीच वाटलं नाही' हे जर घरी, सणाला, जेवताना, सगळीकडेच व्हायला लागलं असेल, झोप पुन्हा बिघडली असेल, किंवा जगण्यातच रस उरला नाही असं वाटत असेल, तर तो थकवा नुसता सुट्टीनं जाणारा नाही. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुझ्याच रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीत ओळखीचे लोक असतील म्हणून संकोच वाटत असेल, तर फोनवरून सुरुवात कर. एपिक्टेटस तत्त्वज्ञाच्या शाळेला दवाखाना म्हणायचा, आणि दवाखान्यात जाण्यात कमीपणा कसला?

नोकरी सोडायची की नाही, हे आत्ता ठरवू नकोस. तीन महिन्यांनी मला पुन्हा लिही.

आता त्या मुलाची आई. सर्पदंशाची केस, म्हणजे शवविच्छेदन झालं असणार, आणि त्याच्या अहवालासाठी, दाखल्यासाठी ती किंवा तिच्या घरचं कुणीतरी रुग्णालयात पुन्हा येणार, कदाचित एकदा येऊनही गेले असतील. शेतकरी कुटुंब असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशानं मृत्यू झाला तरी २ लाख रुपये मिळतात, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करायचा असतो आणि तो लवकर करावा लागतो. गावाकडच्या कितीतरी घरांना हे माहीतच नसतं. अभिलेख कक्षातल्या बाबूंना सांगून ठेव की त्या नावाचं कुणी आलं तर मला वरून बोलवा.

आली तर तिला खुर्ची दे, पाणी दे. कुठला कागद कुठे मिळतो ते एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दे. आणि तिनं त्या पहाटे तुझा हात धरून जे विचारलं, ते तुला पंपाच्या आवाजात ऐकू आलं नव्हतं, असं तिला खरं खरं सांग, आणि पुन्हा विचारायला सांग. बहुतेक ती हेच विचारेल की शेवटी त्याच्याजवळ कुणी होतं का. त्याचं उत्तर तुझ्याजवळ आहे. तू होतीस.

— तुझी ताई